सकल संतांच्या सणाला कोसळलेले लिस्बन

नोव्हेंबर महिना जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतून एक परिचित लगबग सुरू होते. पावसाळ्यात माजलेले गवत कापून दफनभूमी स्वच्छ केली जाते, थडग्यांना चुना लागतो, क्रूसांवरची पुसट झालेली नावे पुन्हा रंगवली जातात. पहिल्या तारखेला सकल संतांचा सण आणि दुसऱ्या तारखेला सर्व मृतांचे स्मरण. एका दिवशी स्वर्गातील विजयी ख्रिस्तसभेचा आनंद, तर दुसऱ्या दिवशी मातीखाली विसावलेल्या आप्तांसाठी एक मेणबत्ती आणि एक प्रार्थना. त्या मेणबत्त्यांच्या उजेडात फिरताना लहानशा थडग्यांपाशी पाऊल अडखळते. त्यांवर कोरलेल्या जन्ममृत्यूच्या तारखांत कधी दोन वर्षांचे अंतर असते, कधी सहा वर्षांचे. देव दयाळू आहे आणि सर्वसमर्थही आहे, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. मग हे का घडले? ओठांवर न आलेला तो प्रश्न मनात उभा राहतोच.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारच्या वाडीतील एक मुलगा भर पावसाळ्यात विहिरीत पडून गेला. घर माणसांनी भरले होते. वयाने व मानाने मोठी असलेली एक व्यक्ती त्या मुलाच्या आईला म्हणाली, "बाई, देव उगीच कोणाला शिक्षा करीत नाही. घरात काही चुकले असेल, आठवून पाहा." ती आई काही बोलली नाही. पुढे कित्येक वर्षे ती मिस्साला येई, पण मागच्या बाकावर एकटी बसे. तिच्या दुःखावर त्या दिवशी आणखी एक धोंडा ठेवला गेला होता, हे समजण्याचे माझे वय तेव्हा नव्हते. पुढे लिस्बनच्या भूकंपाचा इतिहास वाचताना ते घर मला पुनःपुन्हा आठवत राहिले.

लिस्बन हे नाव आपल्या पूर्वजांना परके नव्हते. १५३४ च्या तहापासून १७३९ पर्यंत वसईचा कारभार पोर्तुगीजांकडे होता. चिमाजी अप्पांच्या फौजांनी वसईचा किल्ला जिंकला, त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी त्या साम्राज्याच्या राजधानीवर हे संकट कोसळले. गोवा तर त्यानंतरही दोन शतके लिस्बनशी बांधलेला राहिला. म्हणून ह्या कथेचा एक धागा आपल्या अंगणापर्यंत येऊन पोहोचतो. तो कसा, ते पुढे येईल.

त्या सकाळी

१ नोव्हेंबर १७५५. शनिवार होता आणि सकल संतांचा सण होता. सुमारे दोन लाख वस्तीचे ते शहर त्या दिवशी सणाच्या वेषात होते. वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या, घंटा वाजत होत्या, मंदिरे भाविकांनी भरून गेली होती. सकाळी साडेनऊच्या सुमारास जमीन हादरू लागली आणि काही मिनिटे हादरतच राहिली. धक्क्यामागून धक्के आले. दगडी कमानी आणि घुमट खाली आले ते गुडघे टेकून बसलेल्या माणसांच्या अंगावर. कार्मेल मठाचे मंदिर त्याच दिवशी उद्ध्वस्त झाले. त्याच्या छप्पर नसलेल्या कमानी लिस्बनच्या टेकडीवर आजही उभ्या आहेत.

ज्यांचे प्राण वाचले, ते पडत्या भिंतींपासून दूर, मोकळ्या जागेकडे धावले. ताग नदीचा विस्तीर्ण किनारा त्यांना सुरक्षित वाटला. थोड्याच वेळात नदीचे पाणी आत ओढले गेले आणि मग समुद्र उंच लाटांनी शहरात शिरला. पुष्कळ लोक तेथेच वाहून गेले. तिकडे सणासाठी लावलेल्या मेणबत्त्या आणि घराघरांतील चुली ह्यांतून आग भडकली. ती पाच-सहा दिवस विझली नाही. शहरातील सर्वांत मोठे रुग्णालय 'सकल संतां'च्याच नावाचे होते, तेही जळाले. राजवाड्यातील सत्तर हजार ग्रंथांचे ग्रंथालय भस्मसात झाले. पूर्वेकडील व्यापाराचा व जलप्रवासांचा हिशेब ठेवणाऱ्या 'कासा द इंदिया' ह्या कचेरीचे दप्तरही गेले. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाचे किती कागद त्या आगीत गेले असतील, ह्याचा नुसता विचारच अभ्यासकाला व्याकूळ करतो.

मृतांचा निश्चित आकडा कोणालाच देता आला नाही. तीस ते पन्नास हजार असा अंदाज पुष्कळ इतिहासकार करतात. भूकंपाचे केंद्र अटलांटिक समुद्राच्या तळाशी, पोर्तुगालच्या नैऋत्येला होते आणि त्याची तीव्रता साडेआठ किंवा त्याहून अधिक असावी, असे आजचे शास्त्रज्ञ मानतात. स्पेनच्या किनाऱ्यावर माणसे बुडाली, मोरोक्कोतील नगरे ढासळली. राजे जोझे पहिले हे पहाटेची मिस्सा ऐकून कुटुंबासह शहराबाहेर गेले होते, म्हणून बचावले. परंतु दगडी छताची त्यांनी अशी धास्ती घेतली की १७७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते लाकडी वाड्यातच राहिले.

ज्याने त्याने केलेला हिशेब

धुराळा खाली बसण्यापूर्वीच लोक कारण शोधू लागले. कारण शोधणे हा मनुष्याचा धर्मच आहे. पण येथे शोध लागत होता तो अपराध्याचा.

इंग्लंडमधील प्रॉटेस्टंट उपदेशकांना अपराधी सापडायला वेळ लागला नाही. मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली ह्यांनी त्याच वर्षी एक पुस्तिका लिहून लिस्बनच्या धर्मन्यायालयाने सांडलेल्या रक्ताकडे बोट दाखवले. लिस्बनमध्ये काही उपदेशकांनी त्याच्या नेमके उलट सांगितले. शहरात पाखंडी परदेशी व्यापाऱ्यांना राहू दिले, म्हणून देव कोपला, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही पक्षांचा देव एकच आणि भूकंपही एकच. हिशेबाच्या वह्या मात्र वेगवेगळ्या. मंदिरे कोसळली आणि बदनाम वस्तीतील पुष्कळ घरे शाबूत राहिली, असेही लोक सांगत. ती नोंद कोणत्याच वहीत बसत नव्हती. मोरोक्कोत मेलेल्या मुसलमानांची तर कोणी दखलही घेतली नाही.

ह्या साऱ्या आवाजांत एक आवाज फार प्रभावी होता. गाब्रिएल मालाग्रिदा हे इटलीत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू. ब्राझीलच्या अरण्यांत व नगरांत त्यांनी सुमारे तीन दशके अनवाणी पायांनी सुवार्ताकार्य केले होते. संतपुरुष म्हणून त्यांची ख्याती होती. १७५६ मध्ये त्यांनी भूकंपाच्या खऱ्या कारणाविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. भूकंपाचे कारण वारे, वायू, ग्रहतारे किंवा निसर्गाचे अन्य काही नसून केवळ आपली घोर पापे आहेत, असे त्यांनी ठासून सांगितले. निवाऱ्यासाठी झोपड्या उभारण्यात लोक गुंतले आहेत, त्यापेक्षा त्यांनी प्रायश्चित्त करावे व आध्यात्मिक साधनेला बसावे, असा त्यांचा रोख होता.

मालाग्रिदांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आत्म्यांच्या तारणाची कळकळ त्यांच्या ठायी होती. पण ढिगाऱ्याखाली सापडलेल्या बाळाच्या आईला त्या पुस्तिकेतून काय ऐकू आले असेल?

दुसऱ्या टोकाला तत्त्वज्ञ होते. जर्मन विचारवंत लायब्निट्झ ह्यांनी १७१० मध्ये ईश्वराच्या न्यायाचे समर्थन करणारा ग्रंथ लिहिला होता. देवाने निर्माण करता येण्याजोग्या सर्व जगांतून सर्वोत्तम जग निवडले. त्यातील उणिवा संपूर्ण चित्राच्या दृष्टीने आवश्यक आहेत, असा त्यांचा सिद्धान्त. सुखवस्तू लोकांच्या दिवाणखान्यांत हा विचार लवकरच फार सोपा होऊन बसला. जे आहे ते सारे ठीकच आहे, एवढेच त्यातून उरले. व्हॉल्तेअर ह्यांनी लिस्बनवर एक दीर्घ कविता रचून त्या आत्मसंतुष्टतेवर प्रहार केला आणि १७५९ मध्ये 'कांदीद' ह्या कथेतून तिची यथेच्छ टिंगल केली. व्हॉल्तेअर ख्रिस्तसभेचे कठोर टीकाकार होते, हे आपण जाणतो. तथापि रडणाऱ्याला 'सारे ठीक आहे' असे सांगू नये, हा त्यांचा आग्रह कोणाही ख्रिस्ती माणसाने ऐकून घेण्यासारखा आहे.

त्यांना एक मार्मिक उत्तर रूसोकडून आले. १८ ऑगस्ट १७५६ च्या पत्रात रूसो ह्यांनी विचारले की सहा-सात मजल्यांची हजारो घरे एके ठिकाणी दाटीने कोणी उभी केली? निसर्गाने तर नव्हे! संकट निसर्गातून येते, पण त्यात किती माणसे मरतील हे पुष्कळदा माणसांच्या करणीने ठरते. हा मुद्दा आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

सिलोहचा बुरूज

येशूच्या शिष्यांच्या कानांवर हे सारे हिशेब आधीच आले होते. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात दोन ताज्या घटना येतात. पिलाताने काही गालिलकरांची ऐन यज्ञाच्या वेळी कत्तल केली होती, आणि यरुशलेमात सिलोहचा बुरूज पडून अठरा माणसे ठार झाली होती. एक घटना माणसाच्या क्रौर्याची, दुसरी पडणाऱ्या दगडांची. म्हणजे ज्यांना आपण नैतिक अनिष्ट व नैसर्गिक अनिष्ट म्हणतो, ती दोन्ही येथे शेजारी शेजारी उभी आहेत. हे लोक इतरांपेक्षा अधिक पापी होते असे तुम्हांला वाटते काय, असे प्रभू विचारतो आणि स्वतःच ठामपणे नाही म्हणतो. त्यानंतर तो पश्चात्तापाचे आवाहन अवश्य करतो. पण ते ऐकणाऱ्यांना, जिवंतांना, प्रत्येकाला स्वतःविषयी. मेलेल्यांचा न्यायनिवाडा करण्याची मुभा तो कोणालाही देत नाही.

संत योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे पाहून विचारतात, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो, खाली वाकतो, थुंकीने माती कालवतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना हात लावतो. शिष्यांची दृष्टी भूतकाळात कारण शोधत होती; प्रभूच्या हातांनी समोरचे काम सुरू केले. लाजरच्या कबरेपाशी, क्षणभरात त्याला उठवणार हे ठाऊक असूनही, तो रडला.

जुन्या करारातील ईयोबाचा ग्रंथ हेच सांगतो. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून त्याचे पाप शोधू लागले, तेव्हा ते त्याचे छळक झाले. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नव्हे, देवाची वकिली करणाऱ्या त्या मित्रांवर. लिस्बनच्या भूकंपावर तरुणपणी तीन शास्त्रीय निबंध लिहिणारे इमॅन्युएल कांट १७९१ मध्ये ह्याच ग्रंथाकडे वळले. ईश्वराच्या न्यायाची तत्त्वज्ञानी केलेली सारी समर्थने अपुरी पडली, असे सांगून त्यांनी मित्रांच्या खुशामतीपेक्षा ईयोबाचा प्रामाणिकपणा श्रेष्ठ ठरवला.

मग ख्रिस्ती विचारवंतांनी ह्या प्रश्नाचा बुद्धीने विचार केलाच नाही की काय? केला, आणि निर्भयपणे केला. संत थॉमस अक्विनास ह्यांनी देव आहे काय हा प्रश्न हाती घेतला, तेव्हा जगातील अनिष्टाचा आक्षेप त्यांनी सर्वांत प्रथम मांडला. तो लपवला नाही. त्यांच्या आठ शतके आधी संत ऑगस्टीन सुमारे नऊ वर्षे मणी पंथाच्या शिकवणीत अडकले होते. जगात चांगल्या व वाईट अशा दोन समान शक्तींचे युद्ध चालू आहे, ही त्या पंथाची धारणा. तिच्यातून बाहेर पडून ते अशा निष्कर्षाला आले की अनिष्टाला स्वतःचे असे अस्तित्व नाही. जखम म्हणजे आरोग्याचा अभाव, तसे अनिष्ट म्हणजे चांगल्याचा अभाव. देवाने निर्मिलेली प्रत्येक वस्तू मुळात चांगली. बिघाड शिरतो तो बव्हंशी स्वातंत्र्याच्या गैरवापरातून. ४१० मध्ये रोम लुटले गेले, तेव्हा जुन्या दैवतांना सोडल्याचे हे फळ आहे, असा आरोप ख्रिस्ती लोकांवर झाला. त्याला उत्तर म्हणून त्यांनी 'देवाचे नगर' हा प्रचंड ग्रंथ ४१३ मध्ये लिहावयास घेतला. संकट सज्जन व दुर्जन दोघांवर सारखेच येते. त्यावरून कोणाची योग्यता ठरवू नये, हे त्याच्या आरंभीच त्यांनी स्पष्ट केले. ४३० मध्ये वांडाल टोळ्यांनी हिप्पो नगराला वेढा दिलेला असताना, आपल्या कळपातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या ग्रंथाइतकेच त्यांचे ते तेथे असणे बोलके आहे.

आपल्या मायबोलीतही हा प्रश्न चार शतकांपूर्वी मांडला गेला. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्याचा पहिला भाग सृष्टीच्या निर्मितीपासून, देवदूतांच्या व आदिमानवाच्या पतनापासून सुरू होतो. इतक्या चांगल्या देवाच्या सृष्टीत पाप व मृत्यू कोठून आले, हे येथील श्रोत्यांना ओवीच्या चालीवर ऐकवण्याची गरज त्या परदेशी धर्मगुरूला वाटली होती.

उत्तर देणारे हात

विचाराच्या जोडीने आचाराचीही एक परंपरा चालत आली आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्यास कार्थेजमध्ये भयंकर साथ पसरली. माणसे आपल्याच आप्तांना रस्त्यावर टाकून पळू लागली. तेव्हा बिशप संत सिप्रियन ह्यांनी आपल्या लोकांना एकत्र केले आणि स्वधर्मीयांबरोबरच छळ करणाऱ्यांचीही शुश्रूषा करण्यास सांगितले. नुकताच त्या लोकांनी सम्राटाच्या हुकमाने झालेला छळ सोसला होता, हे ध्यानी घ्यावे. ही साथ का आली, ह्याचे पूर्ण उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. आजाऱ्याच्या उशाशी कोण बसणार, ह्याचे होते.

लिस्बनमध्येही असे हात पुढे आले. राजाचे मंत्री सेबास्तियांव जोझे दि कार्व्हाल्यु, जे पुढे पोंबालचे मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झाले, त्यांनी कारभाराची सूत्रे हाती घेतली. रोगराई पसरू नये म्हणून प्रेते होड्यांत भरून समुद्रात सोडावी लागली. दफनभूमीत विसावण्याची आस असलेल्या समाजाला हे किती जड गेले असेल! धर्माध्यक्षांनी त्यास अनुमती दिली. धान्याचे भाव बांधून देण्यात आले, लूटमार रोखण्यात आली. ज्या इंग्लंडमध्ये लिस्बनच्या पापांवर प्रवचने झडत होती, त्याच देशाच्या संसदेने एक लाख पौंडांची मदत मंजूर केली. हांबुर्गहून लाकडाची जहाजे आली. मदतीने मात्र पंथ विचारला नाही.

सुमारे ऐंशी वर्षांचे अभियंते मानुएल दा माया हे तोंरे दो तोंबो ह्या राज्याच्या दप्तरखान्याचे प्रमुख होते. दप्तरखान्याचा बुरूज कोसळला, तेव्हा ढिगाऱ्यातून त्यांनी शतकांचे कागद वाचवले. पुढे शहराच्या पुनर्रचनेचा आराखडाही त्यांच्याच देखरेखीखाली झाला. नव्या घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा घालण्यात आला, म्हणजे जमीन हलली तरी घर लवचीकपणे तग धरील.

आणि एक गोष्ट आपल्यासारख्या धर्मग्रामांत वाढलेल्यांनी विशेष लक्षात ठेवावी. १७५६ च्या आरंभी देशभरच्या धर्मग्रामांकडे एक प्रश्नावली पाठवण्यात आली. भूकंप किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला? कोणत्या दिशेने जोर अधिक वाटला? किती घरे पडली, किती माणसे दगावली? समुद्र आधी मागे हटला की आधी चढला? विहिरींच्या व झऱ्यांच्या पाण्यात काही फरक पडला काय? जमिनीला भेगा पडल्या काय? आग लागली काय, अन्नाची टंचाई झाली काय? खेड्यापाड्यांतील धर्मगुरूंनी ह्याची उत्तरे लिहून पाठवली. त्यांतील पुष्कळशी आजही जतन केलेली आहेत आणि भूकंपशास्त्राचे अभ्यासक त्यांच्याकडे ह्या शास्त्राचा पाया म्हणून पाहतात.

त्या धर्मगुरूंचे चित्र मनासमोर आणून पाहा. ज्यांना त्यांनी बाप्तिस्मा दिला, ज्यांचे विवाह लावले, त्यांची नावे ते मोजत होते. प्रश्नावलीत पाप कोणाचे, असा प्रश्न नव्हता. काय घडले आणि काय करण्यात आले, एवढेच विचारले होते. सत्य जसे दिसले तसे लिहून ठेवणे हीदेखील मृतांची एक सेवा आहे, कारण त्या नोंदींतून पुढच्या पिढ्यांचे प्राण वाचवणारे ज्ञान निघते.

दुसरे कोसळणे

येथेच कथा संपली असती, तर आपण विवेकी मंत्री आणि अविवेकी धर्मगुरू असा सरळ निवाडा करून मोकळे झालो असतो. इतिहास इतका सोपा नसतो.

मालाग्रिदांना त्यांच्या पुस्तिकेमुळे सेतुबाल येथे हद्दपार करण्यात आले. ३ सप्टेंबर १७५८ च्या रात्री राजावर गोळीबार झाला. पोंबालने त्या निमित्ताने ताव्होरा ह्या उमराव घराण्यातील स्त्रीपुरुषांना जानेवारी १७५९ मध्ये जाहीर देहान्त दिला. येशूसंघीयांवरही कटाचा ठपका आला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात पोर्तुगीज राज्यातून त्या संघाची हकालपट्टी झाली. वृद्ध मालाग्रिदा तुरुंगात खितपत पडले. राजद्रोहाऐवजी पाखंडाचा आरोप ठेवून त्यांना धर्मन्यायालयापुढे उभे करण्यात आले. त्या न्यायालयाचा प्रमुख पोंबालचा सख्खा भाऊ होता. २१ सप्टेंबर १७६१ रोजी लिस्बनच्या चौकात, सत्तरी ओलांडलेल्या त्या धर्मगुरूंचा गळा आवळण्यात आला आणि देह जाळण्यात आला. येशूसंघाचे टीकाकार व्हॉल्तेअरसुद्धा ह्या प्रकाराने हादरले.

वादळाचा हा तडाखा आपल्या किनाऱ्यापर्यंत आला. गोव्यातील येशूसंघीयांना पकडून लिस्बनकडे पाठवण्यात आले. त्यांतील काहींना तेथील किल्ल्याच्या अंधारकोठड्यांत वर्षे काढावी लागली. फादर स्टीफन्स ज्या संघाचे होते, त्याची गोव्यातील विद्यालये व मठ बंद झाले. मालाग्रिदांनी सबंध शहराला दोषी ठरवले होते. पुढे त्यांनाच, आणि त्यांच्याबरोबर हजारो कोस दूर असलेल्या त्यांच्या गुरुबंधूंना, दोषी ठरवण्यात आले. दोषी शोधण्याचा तो जुनाच खेळ पुढे चालू राहिला. सूत्रे तेवढी बदलली. भूकंपाला मन नसते. चौकातील त्या सरणामागे मात्र शाबूत बुद्धीची, हिशेबी माणसे होती. ज्या हातांनी भुकेल्यांना धान्य दिले, त्याच हातांनी हुकूमनाम्यावर सही केली. संत ऑगस्टीन ज्याला इच्छाशक्तीचा बिघाड म्हणतात, तो असा एकाच माणसाच्या ठायी, त्याच्या सद्गुणांच्या शेजारी वस्तीला असतो. आपल्याही.

आपल्या घरापर्यंत

हा प्रश्न आपल्या देशातही असाच उभा राहिला आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप होऊन हजारो माणसे मेली. ही अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेली शिक्षा आहे, असे महात्मा गांधी म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांनी त्यास जाहीर विरोध केला आणि गांधीजींनी तो आपल्या 'हरिजन' पत्रात छापला. अस्पृश्यता हे घोर पाप होते, ह्यात शंका नाही. पण बिहारमध्ये ढिगाऱ्याखाली गेलेल्यांत त्या पापाचे बळी असलेले गोरगरीबही होते.

आणि किल्लारी? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून दमून झोपलेली गावेच्या गावे लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मातीखाली गेली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. एका सणाच्या सकाळी लिस्बन, एका सणाच्या सरत्या रात्री किल्लारी. तेथे माणसांना मारले ते मुख्यतः मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींनी व जड धाब्यांनी. रूसोचा मुद्दा येथे पुन्हा सामोरा येतो. त्या पहाटे काय झाले ह्याचा खरा अभ्यास करून सुरक्षित घरे बांधणे, हेही ख्रिस्ताच्या दृष्टीने त्या जन्मांधाच्या डोळ्यांना माती लावण्यासारखेच आहे.

परमाचार्य दुसरे जॉन पॉल ह्यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक प्रेषितीय पत्र लिहिले. त्यात त्यांनी भल्या शोमरोनीची कथा विस्ताराने उलगडली आहे. तो शोमरोनी रस्त्यात थांबला, हे त्यांनी महत्त्वाचे मानले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही प्रामाणिकपणे मान्य केले आहे की अनिष्टाच्या प्रश्नाला कोणतेही झटपट उत्तर पुरे पडणार नाही; सृष्टीपासून क्रूसापर्यंत आणि पुनरुत्थानापर्यंत सबंध ख्रिस्ती श्रद्धा मिळूनच ते उत्तर होते. त्या उत्तराच्या मध्यभागी एक निष्पाप माणूस आहे. त्याला खिळले गेले, तेव्हा पायथ्याशी उभे असलेले लोक हिशेबच मांडत होते: देवाला हा प्रिय असता, तर देवाने ह्याला सोडवले नसते काय? क्रूसावरून देव का, ह्या प्रश्नाचे स्पष्टीकरण देत नाही. तो प्रश्न स्वतः विचारतो, आपल्या बाजूने, आपल्या आवाजात. तिसऱ्या दिवसाची पहाट त्यानंतर येते, आणि तिथेही जखमा पुसलेल्या नसतात.

म्हणून ह्या नोव्हेंबरात मेणबत्ती घेऊन दफनभूमीत जाल, तेव्हा लहानशा थडग्यापाशी उभ्या असलेल्या आईबापांना कारण सांगण्याच्या फंदात पडू नका. आपल्यापाशी ते नाही, आणि ज्यांनी ते आपल्यापाशी आहे असे मानले, त्यांचा इतिहास आपण पाहिला. ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस जे केले, तेवढे आपल्यालाही करता येते.

विहिरीत मूल गमावलेल्या त्या आईविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. एका रविवारी शेजारची एक म्हातारी आपली पुढची जागा सोडून मागच्या बाकावर तिच्याजवळ जाऊन बसली. त्यानंतर दर रविवारी ती तेथेच बसू लागली. दोघींत फारसे बोलणे झाल्याचे मला आठवत नाही. काही महिन्यांनी मिस्सा संपल्यावर त्या दोघी मिळून दफनभूमीकडे जाताना दिसल्या. आईच्या हातात फुले होती आणि वाऱ्याने विझू नये म्हणून मेणबत्तीवर म्हातारीने हात धरला होता.